बाहेरून काही दिसत नाही

जव्हार,
मंगळवार दुपार (हे झोपलेत तोवर)

तीर्थस्वरूप चंदनाताईस,

धाकट्या वनमालेचा वाकून नमस्कार, आणि दाजींनाही तेवढाच. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला गेला का? गॅलरीतल्या मोगऱ्याला कळ्या धरल्या का? (सगळ्याचं उत्तर पाठव, नुसतं 'ठीक' लिहू नकोस.) आता तू म्हणशील, हातात मोबाइल असताना हिला पत्र लिहायचं खूळ कुठून लागलं? अगं, आमच्याकडे रेंज येते ती फक्त हॉलच्या खिडकीपाशी, आणि खिडकीपाशी आमच्या ह्यांची खुर्ची. मला लिहायचंय ते नेमकं ह्यांच्याबद्दल आणि त्या खिडकीबद्दल. मग कसं बोलायचं, सांग बघू.

भिंतभर खिडकी हवी हा हट्ट माझाच, ते मी कबूल करते. पण तेव्हा कोणाला ठाऊक होतं की समोर जीपचा थांबा येईल? दाभोशाच्या, जामसरच्या जीपा आता तिथूनच भरतात, आणि जीप भरेपर्यंत माणसांना बघायला आमच्या हॉलशिवाय दुसरं काही नाही. त्यातून खिडकी पश्चिमेची. लोक लांबून जव्हारला सूर्यास्त बघायला येतात. आमच्याकडे दुपार कलली की सूर्य आपणहून आत येतो, सोफ्यावर ऐसपैस बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. तरी माझं काही म्हणणं नव्हतं. पण होळीनंतर ह्यांना अर्धांगाचा झटका आला, तू येऊन बघून गेलीसच. डावा हात सुधारला पण डावा पाय ओढायला लागला. व्यायाम शिकवायला नेत्रा येते (वय लहान, जीभ कडक), तिने स्पष्ट सांगितलं, काका, रोज चाललात तर पाय तुमचा, नाहीतर खुर्चीचा. घरात चालण्याजोगी लांब जागा एकच, हॉल. आणि हे म्हणाले, लोक बघतील. झालं! तहसील कचेरीतले अव्वल कारकून होते ना हे, अख्खा तालुका टेबलापुढे उभा राहायचा. त्याच तालुक्यासमोर पाय फरफटत चालायचं? नाव काढू नकोस. आधी खिडकी झाका, मग चालतो. ताई, एवढ्या एका गोष्टीवर माझ्या नवऱ्याचा पाय अडला होता. मला अन्न गोड लागेना.

मग मी कंबर कसली. आधी माझी राणी रंगाची साडी टांगली. हॉल असा लालबुंद झाला की नेत्रा आल्या आल्या ह्यांचा ताप बघायला धावली. जाड चादर लावली तर वारा बंद, घामाने हे भिजून चिंब. मग बांबूची चटई विणून आणली. दिसायला इतकी देखणी की मी बघत राहिले, पण तिच्या फटींतून उन्हाचे पट्टे ह्यांच्या अंगावर पडले आणि हे म्हणाले, मी काय वाघ आहे? शिवाय फटीतून दिसतं म्हणे. दिसतं की नाही ते तपासायला हे मला दर खेपेला रस्त्यावर उभं करायचे आणि आतून ओरडायचे, दिसतो का? (हा प्रश्न सगळ्या थांब्याला ऐकू जायचा. ज्यांचं लक्ष नव्हतं तेही बघायला लागायचे.) शेवटी रोपांवर घालतात ती हिरवी जाळी लावली. तिच्यात बसून ह्यांनी स्वतःच सांगितलं की मला मिरचीचं रोप झाल्यासारखं वाटतंय.

तेव्हा मी पडद्यांच्या दुकानात पंकजकडे गेले. ताई, मी आजवर समजत होते की पडदा म्हणजे कापड आणि दांडी. अगं, ती एक दुनियाच आहे! गुंडाळीचे पडदे काय, उभ्या पट्ट्यांचे काय, झेब्र्याचे काय, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे काय. एकाला तर रिमोट. बटण दाबलं की पडदा आपला सावकाश खाली येतो, एखादा पाहुणा जिना उतरावा तसा. मी तिथेच तोंडाला पदर लावून उभी. मग पंकजने काचेला चिकटवायची आरशाची फिल्म दाखवली. काकी, आतून सगळं दिसणार, बाहेरून झिरो, आणि ऊनही निम्मं. भर दुपारी चिकटवून गेला. हे आतून ओरडले, दिसतो का? मी बाहेरून बघते तर खिडकीत मीच, पदर सावरत! गहिवरून आलं गं मला.

त्यानंतरच्या दुपारी काय सांगू तुला. बाहेरच्यांना आरसा आणि आम्हाला काच. बाजारला आलेली बाई टोपली खाली ठेवून खिडकीत बघून केसात फूल खोवायची आणि तिला ठाऊक नसायचं की आत हातभर अंतरावर दोन म्हातारी चहा पितायत. मिशा पिळणारे आले, दात तपासणारे आले. खोडाळ्याची एक नवी नवरी आली, तिने डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि मग हसायचं कसं ते दोनदा करून पाहिलं. माणसाचा चेहरा इतका उघडा मी कधी पाहिला नव्हता. एका बोकडाने मात्र काचेतल्या बोकडाशी वैर धरलं आणि अशी काही धडक घेतली की ह्यांचा चहा सांडला. आणि ताई, हे हसले! आजारपणानंतर पहिल्यांदा, डोळ्यांत पाणी येईतो हसले. त्याच संध्याकाळी ट्यूबलाइट लावून काठी मागितली आणि भिंत धरून चालायला लागले. म्हणाले, आता काय, बाहेरून काही दिसत नाही.

असे बरेच दिवस गेले. मागच्या आठवड्यात दिवेलागणीला मी कोथिंबीर आणायला बाहेर पडले. परतताना बघते तर थांब्यावर ही गर्दी, आणि सगळी मुकी. मला वाटलं कुणाचं काही बरंवाईट झालं. सगळे बघत होते तिकडे मी बघितलं, तर आमचा हॉल! लख्ख! टीव्हीवरचं क्रोशाचं झाकण, भिंतीवरचं कॅलेंडर, खुर्चीवर वाळत घातलेला माझा परकर, आणि मधोमध आमचे हे, घामाघूम, पाय उचलतायत. धावत जाऊन दिवा मालवावा म्हणून निघाले, तर जामसरच्या म्हाताऱ्या भागीने माझा दंड धरला. गप ऱ्हा बाय, सायेब वळतोय आता. हे कपाटापाशी वळायला लागले, पाय अडखळला, आणि अख्ख्या थांब्याने श्वास धरला. वळले. सगळ्यांनी सोडला. काल टेबलापाशीच बसला व्हता, भागी मला सांगत होती, आज कपाटापावतर गेला बग. जसं काही माझा नवरा मला माहीत नाही! जीपवाल्या गोरखची जीप गच्च भरलेली, तरी इंजिन बंद. हे खुर्चीत बसले तेव्हा कुठे त्याने चावी फिरवली. रोज असंच चालतं म्हणे, जीपमधलं कोणी कुरकुर करत नाही. मी तिथेच रस्त्यात कोथिंबिरीची जुडी छातीशी धरून रडले. ह्यातले निम्मे लोक ह्यांना नावानिशी ओळखतही नाहीत गं.

पंकजला गाठलं तर तो डोकं खाजवत म्हणाला, काकी, उजेड जिकडे जास्त तिकडचं दिसतं, दिवे लागले की उलटं होणारच. मेल्या, हे आधी सांगायला तुझी दातखीळ बसली होती? पण मग विचार केला, ह्यांना कळलं तर त्या क्षणी काठी कोपऱ्यात जाईल आणि परत निघायची नाही. म्हणून मी कोणाला काही बोलले नाही. फक्त परकर मागच्या दोरीवर नेला आणि कॅलेंडर सरळ केलं. बाकी सगळं छान चाललंय. मला तुझ्याकडून काही म्हणजे काही नको, मन मोकळं करायचं होतं, एवढंच.

तुझीच,
वनमाला

ता. क. - एक बारीकसं काम आहे. आमचा सर्वेश रविवारी ठाण्याहून ते रिमोटचे पडदे घेऊन येतोय, बाबांना सरप्राइज म्हणून. पडद्याची काळजी नाही गं, पण तो एक संध्याकाळ राहिला की त्याला बाहेरून दिसणार, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. लगोलग बाबांना सांगेल. माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. मावशी आजारी आहे म्हण, घसरून पडली म्हण, पण त्याला तुझ्याकडे नाशिकला वळव. तुझ्या पाया पडते.

ता. क. दुसरा - (अक्षर वेगळे पाहून दचकू नये.) चंदनाताई यांस हरिभाऊचा सविनय नमस्कार. वरील मजकूर वाचला. तपशील सर्वसाधारणपणे बरोबर आहे. परकराची बाब मात्र मला आजवर कळवण्यात आली नव्हती.

बाहेरून दिसते हे मला पूर्वीच समजले आहे. एका संध्याकाळी चालत असताना वीज गेली. आत अंधार झाला, बाहेर अजून उजेड होता. काचेत मी दिसायचा थांबलो आणि सगळा थांबा दिसू लागला. टोपल्या घेतलेल्या बाया, जीपवाला, एक म्हातारी, सगळे माझ्याकडे तोंड करून उभे. वाटले, धरणीने पोटात घ्यावे. पण हसत कोणीच नव्हते. वीज येईपर्यंत मी हललो नाही आणि तेही हलले नाहीत. दिवे लागले, मला पुन्हा फक्त मीच दिसू लागलो, आणि मी चालू लागलो. एवढी माणसे खोळंबलेली असताना बसून राहणे बरे दिसत नाही.

सबब सर्वेशला थांबवावे ही माझीही विनंती. त्याचबरोबर एक चांगला सदरा पाठवावा. घरातल्या बनियनवर रोज लोकांसमोर जाणे योग्य नव्हे. वनमालेला यातले काही कळू देऊ नये. आपले गुपित राखले गेले आहे या समजुतीवर ती फार खुशीत आहे.

हे पत्र तिने स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे लपवले होते. तो उंबरा मला ओलांडता येत नाही, असे ती धरून चालते. तिकडे खिडकी नाही, बघायला कोणी नाही, तरी आज गेलो. पाकीट चिकटवून परत तिथेच ठेवत आहे. तिला एवढ्यात सांगू नये. लाडवांचा डबाही तिथेच असतो.