डोलकाठी कुठवर न्यायची

अहो,

आज सकाळी होडीच्या सुतारांचा, सलीमभाईंचा, फोन आला. "मॅडम, नवी डोलकाठी आली. आता तरी सांगा, केबिनच्या छतावर उभी करू की छताला भोक पाडून तळापर्यंत नेऊ?" तुम्हाला जाऊन चार महिने झाले आणि उत्तर माझ्याकडे मागताहेत. म्हणून हे पत्र.

तुमची शिडाची होडी तीन वर्षं खडकवासल्याच्या काठावर ताडपत्रीखाली पडून आहे. जुनी काठी कुजली, नवी बसवायची, एवढंच काम. तुम्हाला ती केबिनमधून थेट तळाच्या कण्यावर टेकलेली हवी होती. "काठीला ताणून धरणारी एखादी तार तुटली तरी काठी सहसा आडवी होत नाही," हे तुमचं पालुपद. मी म्हणायचे, छतावरच बसवा. दोघांना सहज उतरवता येते आणि भोकातून पाणी गळायची कटकट नाही. "छतावर बसवली तरी खाली टेकू लागतोच," तुम्ही म्हणायचात. मग मी टेकूवरून हुज्जत घालायचे. दर रविवारी नवा मुद्दा. इंजिनिअरिंग कॉलेजात तीस वर्षं शिकवलं, ते असं कामी आणलं!

खरं सांगू? मला कुठलीही काठी चालली असती. तुमच्या अँजिओप्लास्टीनंतर मला तुम्हाला पाण्यावर जाऊच द्यायचं नव्हतं. सरळ "जाऊ नका, मला भीती वाटते" म्हणायला जीभ रेटली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं एक वाक्य जड का व्हावं? आणि तुम्ही, एरवी सगळ्या सोसायटीला टोमणे मारणारे, माझा मुद्दा निमूटपणे वहीत लिहून घ्यायचात. मला वाटायचं, तुम्ही फसलात.

शेवटी गेलात ते घरातच, भर दुपारी, पेपर वाचताना. मग मी वाचवलं कशापासून?

फोनवर मी सलीमभाईंना म्हटलं, "माझ्यामुळे राहिलं हो त्यांचं." ते म्हणाले, "साहेबांना ठाऊक होतं, मॅडम. मला म्हणाले होते, तिला भीती वाटते. वाद घालते तोवर तिला झोप लागते, तर घालू दे."

अहो, मला एकदा तरी तसं सांगायचं होतंत. मी ऐकलं असतं. कदाचित नसतंही.

भोक पाडायला सांगितलं आहे. काठी तळापर्यंत जाईल. उद्यापासून बायकांच्या बॅचला पोहायला शिकायला जाते, अडुसष्टाव्या वर्षी. होडी पाण्यात उतरेल तेव्हा मी काठावर थांबणार नाही, आत बसेन. आणि भीती वाटली की मोठ्यांदा म्हणेन, भीती वाटते.

तुमची,
शैला