जाहीरनामे वाचणारी

२२ नोव्हेंबर, बुधवार

झुहैरसाहेबांचा फोन आला. "एक शिक्षिका" म्हणजे कोण, असं कुणीतरी त्यांना विचारत होतं म्हणे. मी नाव सांगितलं नाही, असं ते म्हणाले. दोनदा म्हणाले. एकदाच म्हणाले असते तर विश्वास बसला असता.

प्रांतिक परिषदेच्या निवडणुकीला अजून सव्वीस दिवस आहेत. झुहैरसाहेबांच्या बातमीपत्रात मी 'एक शिक्षिका' या नावाने तीन लेख लिहिलेत. एकेका पक्षाचा जाहीरनामा घ्यायचा, ओळ न् ओळ वाचायची, आणि त्यातून बसऱ्याच्या बाईच्या हाती काय लागणार ते सांगायचं. पहिल्या लेखाला कुणी विचारलं नाही. तिसरा गावभर फिरतोय! आज शिक्षकांच्या खोलीत बतूलने तो मलाच वाचून दाखवला. मी चहा ढवळत बसले. साखर घातलीच नव्हती.

तिसरा लेख नखील आघाडीवर. चोवीस पानी जाहीरनामा, त्यात अकरा फोटो एकट्या त्यांच्या नेत्याचे, हाजी फरहूदचे. बायका एकोणिसाव्या पानावर — "कुटुंब, महिला व क्रीडा". पाणी मात्र तिसऱ्या पानावर: "प्रत्येक नळाला गोडं पाणी". मी एवढंच लिहिलं की गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातलं क्षार काढायचं यंत्र तीन आठवडे बंद होतं, नळाला शत्त नदीचं खारं पाणी तसंच सोडलं होतं, आणि त्या यंत्राचं कंत्राट हाजींच्याच मेहुण्याकडे आहे. खाली पाण्यातल्या क्षारांची रोजची मोजणी दिली. तारखांसकट.

ती मोजणी सबीहच्या वहीतली. माझा नवरा त्याच पंपकेंद्रावर पाळीप्रमुख आहे. त्याला न विचारता उतरवून घेतली.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

सबीहने लेख वाचला. फोन पालथा ठेवला. "आकडे बरोबर आहेत," म्हणाला. जेवण झालं, हात धुऊन झाले, मग — "असे आकडे चार माणसांकडेच असतात."

मला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२६ नोव्हेंबर, रविवार

किनारा गटाचा जाहीरनामा मिळाला. पातळ, चकचकीत कागद. "घरटी एक नोकरी" — कुठे, कसली, ते नाही. प्रसूतिगृहाचं नाव नाही. कंत्राटी शिक्षिकांचं नाव नाही. आमच्या शाळेत तशा सातजणी आहेत, वर्षानुवर्षं कायम व्हायची वाट बघतायत. तेलविहिरींवर दिवसरात्र गॅस जळतो, त्याची राख कपड्यांवर बसते, पोरं खोकतात — त्याबद्दल अवाक्षर नाही.

बाजारात त्यांच्या एका उमेदवार बाईंचा फलक लागलाय. बाईंचं नाव खाली, फोटो त्यांच्या नवऱ्याचा! मला हसू आलं. हसत वळले तर रस्त्यापलीकडे एक पांढरी गाडी. नंबरपाटी नाही. आतला माणूस माझ्याकडे बघत होता की माझ्या मागच्या फलकाकडे, कळलं नाही.



२७ नोव्हेंबर, सोमवार

गाडी शाळेसमोर.

३० नोव्हेंबर, गुरुवार

आज गाडी नाही. ती नव्हती म्हणून जास्त भीती वाटली. आता कुठे असेल?

मदनी यादी, म्हणजे त्या छोट्या नागरी गटावरचा चौथा लेख पाठवला. नको पाठवायला होता. पण दीड पानाचा त्यांचा जाहीरनामा, टंकलेखनाच्या चुकांनी भरलेला, आणि तरी तेवढ्यातच पाणी तपासायची प्रयोगशाळा कुठे काढणार ते लिहिलंय, मोजणी दर आठवड्याला लोकांसमोर ठेवणार असं लिहिलंय. बायकांना वेगळं पान नाही, ओळीओळीत आहेत. त्यांना खडसावलंही मी. गॅसबद्दल तेही गप्पच. निवडून येणार नाहीत हे मला ठाऊक आहे. तरी कुणीतरी नीट वाचलं, एवढं त्यांना कळायला हवं.

रुबाला बगदादला मावशीकडे जा म्हटलं. परीक्षा आहे म्हणाली. मग माझ्याकडे रोखून बघून — "आई, ती शिक्षिका तूच ना?" मी तिच्या तोंडावर हात ठेवला. एकोणीस वर्षांची पोर, आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

५ डिसेंबर, मंगळवार

दुपारी दार वाजलं. सबीह कामावर होता. दारात एक माणूस, पन्नाशीचा, इस्त्रीचा सदरा, हातात खजुराची पेटी. सलाम केला. नजर खाली. इतका अदबीने बोलत होता की दार लावून घ्यायला मला कारणच सापडेना.

"आमची भाची तुमच्या वर्गात आहे," म्हणाला. "रसायनशास्त्र फार छान शिकवता म्हणते."

मी म्हटलं, देवाची कृपा.

"तेच शिकवत राहा, ताई."

पेटी उंबऱ्यावर ठेवून गेला. भाचीचं नाव मी विचारलं नाही. उद्या वर्गात पस्तीस मुली समोर बसतील आणि मी प्रत्येकीचा चेहरा बघेन.

६ डिसेंबर, बुधवार

खजुराची पेटी कालच शेजारच्या उम्म हातिमला देऊन टाकली. रात्रभर वाटत राहिलं, त्यात काही असलं तर? सकाळी कान देऊन ऐकलं. त्यांच्याकडे पोरं नेहमीसारखी भांडत होती.

९ डिसेंबर, शनिवार

बतूलने आज चहा घेता घेता सहज सांगितलं. तिच्या भावाने सबीहला पाहिलं. नखील आघाडीच्या कचेरीत, आतल्या दिवाणखान्यात, हाजी फरहूदच्या शेजारी. हातात चहाचा पेला.

"तुझा नवरा उभा राहतोय की काय?" असं म्हणून हसली.

मीही हसले. पुढचा तास मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

चार वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ मुहन्नद चौकात निदर्शनात होता. गोळी मानेत लागली. तेव्हापासून सबीहने ना निवडणुकीचं नाव काढलं, ना भावाचं. बातम्या लागल्या की उठून जातो. असा माणूस त्या दिवाणखान्यात कशाला जाईल? त्याला विकत घेतलं? की माझं नाव देऊन स्वतःला सोडवून घेतलं त्याने?

हे लिहिताना लाज वाटते. पण खरं तेच लिहायचं ठरवलंय. आज त्याने पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा मी दचकले. त्याला ते दिसलं.

१० डिसेंबर, रविवार

विचारलं. रुबा घरात नव्हती. स्वयंपाकघरात तो लसूण सोलत होता, तेव्हाच.

"तू हाजींकडे गेला होतास."

"बोलावलं होतं."

"कशाला?"

त्याने हातातली लसणाची पाकळी सोलून संपवली. मग तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. त्यांनी लेख छापून टेबलावर ठेवला होता. मोजणीभोवती लाल शाईने गोल. हे आकडे कुणाचे, असं विचारलं. चारही पाळीप्रमुखांना एकेक करून बोलावणार होते. हा पहिला होता.

"मी म्हटलं, माझे."

मी तिथेच फरशीवर बसले. तोही येऊन खाली बसला, हाताला लसणाचा वास.

लिहिणारी कोण, हेही विचारलं त्यांनी. माहीत नाही म्हणाला. माझी बायको पेपर वाचत नाही, तिला स्वयंपाकातून वेळ मिळत नाही, असं सांगितलं. ते हसले म्हणे. मग एक कागद दिला. आकडे खोटे आहेत, रागाच्या भरात रचले, असं त्यावर लिहिलेलं. खाली सहीची जागा कोरी. शुक्रवारपर्यंत मुदत.

"वही तरी मागायचीस, रुबाच्या आई," म्हणाला. "मी दिली असती."

आणि मी काल त्याच्याबद्दल काय लिहिलंय! ते पान फाडणार होते. राहू दे. माझी शिक्षा.

१२ डिसेंबर, मंगळवार

सही कर म्हणून मी त्याच्या पाया पडायची बाकी राहिले. आकडे गेले खड्ड्यात. लोकांना खारं पाणी जिभेला कळतं, त्याला मोजणी कशाला लागते? तो म्हणाला, बघू. कागद घडी घालून खिशात आहे. सदरा धुवायला टाकताना काढतो, धुतलेल्या सदऱ्यात परत ठेवतो.

आज शाळेतून येताना दोन माणसं आमच्या गल्लीच्या तोंडाशी खुर्च्या टाकून बसलेली. त्यांनी सलाम केला. मीही केला.

१४ डिसेंबर, गुरुवार

शेवटचा लेख लिहिला. सगळे जाहीरनामे शेजारी शेजारी ठेवून — पाणी, बाळंतपण, शाळा, हवा. कोण काय म्हणतं, कोण काय म्हणत नाही, आणि माझं मत कुणाला. बातमीपत्राची एवढी सवय झाली होती की हात थांबेना. पण पाठवणार नाही. झुहैरसाहेबांना तसं कळवलं. ते म्हणाले, समजलो. त्यांनाही हायसं वाटलं असावं.

पानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर होती. सबीहने मला न विचारता वाचली. फिटंफाट.

"चांगलं आहे," म्हणाला. पाठव म्हणाला नाही, पाठवू नको म्हणाला नाही. मी म्हटलं, चुलीत घालते. "सकाळी घाल," म्हणाला.

कागद अजून त्याच्या खिशात. उद्या शुक्रवार.

१५ डिसेंबर, शुक्रवार

सबीहने सही केली. त्यांच्या कागदावर नाही. माझ्या लेखाखाली.

रुबाने फोनवर आजचं बातमीपत्र दाखवलं. त्याचं पूर्ण नाव, हुद्दा, पंपकेंद्र. लेख शब्दन् शब्द माझा, फक्त जिथे जिथे मी बाई होते तिथे त्याने पुरुष केलंय. एका ओळीत राहून गेलंय — "मी घाबरलेली आहे."

तो सहालाच पाळीवर गेला. फोन उचलत नाही.

झुहैरसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, ती चूक आत्ताच दिसली, दुरुस्त करतो. मी म्हटलं, ती चूक नाही, राहू द्या. आणि त्याच्या नावाखाली माझंही घाला. बापाच्या नावासकट.