शिक्षा झालेल्याला काम नको

आदरणीय भाऊजी यांस मारोतीचा सप्रेम जयभीम.

तुमच्या गुडघ्याला शेक देणे चालू आहे असे ताईकडून कळले. चालू ठेवा, आणि जिना चढू नका. इकडे सर्व ठीक. फक्त माझा घसा बसला आहे, आणि तो कसा बसला हे सांगण्यासाठीच हे पत्र.

आमच्या अंगणवाडीच्या नव्या खोलीसाठी तुमच्या अश्वजितने निविदा भरली, हे तुम्ही जाणताच. दुसरी निविदा रोशन ठेकेदाराची. समाजमंदिराच्या पत्र्यांचे बिल उचलून पत्रे स्वतःच्या गोठ्यावर टाकणारा तो हाच. फसवणुकीचा गुन्हा सिद्ध होऊन तुरुंगात जाऊन आला आणि आता पुन्हा पंचायतीच्या पायरीवर बसतो. (जुनी खोली गळते म्हणून पोरे एका कोपऱ्यात दाटीने बसतात. त्यांच्या डोक्यावर या माणसाने छत घालायचे, हे मला सहन होईना.) म्हणून ग्रामसभेत मी ठराव मांडला की फसवणुकीबद्दल शिक्षा झालेल्याला गावचे कोणतेही काम देऊ नये.

प्राचीन रोमच्या रस्त्यांपासून सुरुवात करून मी आपल्या पांदण रस्त्यापर्यंत आलो. दर थोड्या वेळाने ‘शिक्षा झालेल्याला काम नको’ असे बजावत होतो. सगळे हात वर गेले. खुद्द रोशननेही हात वर केला. त्याचे मन पालटले असे समजून मी त्याला भर सभेत नमस्कार केला (हे ताईला सांगू नका).

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या मदतनीस मानीबाईंनी मला रस्त्यात अडवले. ‘भाऊ, शिकलेल्या पोरायनं तुमचं काय बिघडवलं?’

मग उलगडा झाला. हैदराबादच्या हमरस्त्यावरचे आमचे गाव. ट्रकवाले आणि टीव्ही यांनी अर्धी भाषा हिंदी केलेली. इथे शिक्षा म्हणजे शाळा-कॉलेज. तुरुंगात मिळते ती सजा. भाऊजी, ज्या तोंडाने जन्मभर शिक्षणाचा प्रचार केला, त्याच तोंडाने मी शिकलेल्यांना काम न देण्याचा ठराव करून घेतला, आणि तोही मनापासून मंजूर झाला. तांड्यावरचे धावजी तर माझा हात धरून म्हणाले, ‘बराबर बोलले. आमाले बुडवलं ते सारे पेनवालेच.’ रोशन घरोघर सांगू लागला, ‘मी सातवी नापास, मला अडचण नाही.’ अश्वजितची पदवी हाच त्याचा गुन्हा ठरला.

सरळ ‘सजा’ का म्हटले नाही, असे तुम्ही विचाराल. पांढरकवड्याच्या मराठी दिनाला शुद्ध मराठीतच बोलण्याची शपथ मी जाहीरपणे घेतली आहे. ती मोडणार नाही. पुन्हा सभा बोलावली तेव्हा मी ‘दंडित’ म्हणालो. त्यावर सगळी सभा चिडली. हमरस्त्यावर हेल्मेटचा दंड सगळ्यांनीच भरलेला. मी ‘दोषसिद्ध’ म्हणालो. धावजींनी शेजाऱ्याला विचारले, कोणाचा दोस्त? माझा घसा गेला तो इथे.

शेवटी रोशनच वैतागून उठला. ‘भाऊ माह्याच मांगं काहून लागले? सजा झाली त झाली, पुरी काटून आलो ना मी!’

धावजी सावकाश मागे वळले. ‘म्हंजे हे तुह्याबद्दल होतं? मंग पहिलेच सांगाचं होतं.’

ठराव मंजूर झाला. या वेळी रोशनचा हात खाली होता.

गुडघ्याची खबर देत राहा.

तुमचा मेहुणा,
मारोती

ता. क. रोशनच्या बायकोने, सलोनीने, आता स्वतःच्या नावाने निविदा भरली आहे. तिला सजा झालेली नाही. शिक्षा झाली आहे, बी.ए.पर्यंत. तेव्हा दोषीच्या घरच्यांनाही बंदी घालावी असा ठराव मला सोमवारी मांडायचा आहे. धावजी म्हणतात, ‘घरच्यायले बंदी, मंजूर. मंग बोलनाऱ्याच्या भाच्याचं काय?’ माझ्याकडे उत्तर आहे, पण ते लांब आहे, आणि लांब उत्तरांवरचा माझा विश्वास उडाला आहे. म्हणून विनंती की अश्वजितने निविदा मागे घ्यावी. त्याचे हे पहिलेच काम, याची मला जाणीव आहे.

आणखी एक. मी सोमवारी गप्प बसलो तर मानीबाई तो ठराव मांडायला तयार आहेत, आणि मग बोलणाऱ्याच्या भाच्याचा प्रश्नच उरत नाही. तेव्हा अश्वजितने काम सोडावे की मी भाषण सोडावे, याचा विचार तुम्ही शांतपणे करा. ताईला विचारू नका. ती लगेच उत्तर देईल.