इलायदा कोणाकडून खेळणार?

४ मार्च
बर्लिनच्या तुर्की वकिलातीतून इलायदाचा तुर्की पासपोर्ट आणला. जर्मन नागरिक ती जन्मापासून आहेच. माझ्या पोरीला दोन देश! आता ती कोणत्या देशाकडून फुटबॉल खेळणार, एवढंच मी ठरवायचंय. दोन्हीकडचे प्रशिक्षक दारात येतील. लगेच हो म्हणायचं नाही. आधी चहा पाजायचा.

६ मार्च
सेव्हिल म्हणाली, अहो, पोरगी गल्लीतल्या क्लबात राखीव गोलकीपर आहे, जरा जमिनीवर या. माझ्या बायकोला दूरदृष्टी नाही.

९ मार्च
तुर्कस्तानातून, काइसेरीहून मेव्हण्याचा फोन. म्हणाला, भावोजी, पोरगी जर्मनीकडून खेळली तर सुट्टीत इकडे तोंड दाखवू नका. केवढा मान! इतकी वर्षं तिकडे मला ‘जर्मनवाला’ म्हणून हिणवतात, इकडे ‘तुम्ही मूळचे कुठले?’ विचारतात. माझ्यासाठी कोणी कधी भांडलं नाही. पोरीसाठी तरी भांडावं. लिहिताना डोळे भरून आले.

१५ मार्च
नेहमीची गोलकीपर आजारी पडली. देवाची कृपा! इलायदा उतरली. पाच गोल खाल्ले. पण झेप बघावी! दर वेळी अचूक दिशेला, फक्त जरा उशिरा. उद्यापासून पहाटे मी स्वतः सराव घेणार.

१६ मार्च
पाऊस.

१७ मार्च
गुडघा. (माझा.)

२२ मार्च
दुकानात गिऱ्हाइकांच्या पँटी बाजूला ठेवून तुर्कीची आणि जर्मनीची अशा दोन जर्सी उभ्या कापल्या. अर्धी लाल, अर्धी पांढरी, अशी एक शिवली. शिवण दिसतसुद्धा नाही. इलायदा म्हणाली, बाबा, हे घालून मला कोणी मैदानात पाऊल टाकू देणार नाही. फार विनम्र पोरगी.

२९ मार्च
घात झाला. इलायदाने क्लब सोडला. महिनाभर रेफरीचा कोर्स करत होती, आईच्या संमतीने! म्हणाली, गोलात उभं राहून मला दुसऱ्यांच्या चुका बघायलाच आवडायचं. मी रागाने जेवलो नाही. दोन सिमित खाल्ले, पण पावाला जेवण म्हणत नाहीत.

संध्याकाळी
सुचलं! आंतरराष्ट्रीय रेफरीसुद्धा कुठल्यातरी देशाचीच असते. म्हणजे प्रश्न अजून खुला आहे.

५ एप्रिल
तिचा पहिला सामना, लहान मुलींचा. तोंड उघडायचं नाही, असं ठरवून गेलो. पहिल्याच फाउलला उघडलं. तिला मदत म्हणून. दोन्ही भाषांत ओरडलो, कुठलाच देश नाराज नको. तिने शिट्टी मारली. खेळ थांबला. अख्खं मैदान ओलांडून ती माझ्याकडे येऊ लागली, तेव्हा शेजारच्याला मी अभिमानाने सांगितलं, माझी मुलगी.

आधी तुर्कीत म्हणाली, बाबा, बाहेर जा. मला वाटलं गंमत करतेय. मग तेच जर्मनमध्ये म्हणाली, अहोजाहो करून, परक्या माणसाला सांगतात तसं.

उरलेला सामना कुंपणाबाहेरून पाहिला. तोंड बंद ठेवून.