वरच्या खोल्यांतली ओल

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, पूर्वीचा धंदा घड्याळदुरुस्ती, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दबावाखाली करत नाही. अपवाद कलम चारचा. तिथे प्लंबरचा दबाव आहे.

१. तळमजला आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. तिने चाळीस वर्षं माझा स्वभाव सोसला, त्या मानाने हे कमीच आहे.

२. घड्याळाची हत्यारं मुलाला. शिडी साडूंना. ती नऊ वर्षं त्यांच्याकडेच आहे, आता निदान मागायला कोणी जाणार नाही.

३. वरच्या दोन खोल्या मुलीला, एका अटीवर. त्या लेकुरवाळ्या कुटुंबालाच भाड्याने द्याव्यात. भिंतींवर रेघोट्या येतील, कड्या ढिल्या होतील, फरशीचा टवका उडेल. वापरलेलं घर झिजतंच. दर तीन वर्षांनी मालकाने स्वखर्चाने रंग द्यावा, आणि माझ्यासारखं बॅटरी घेऊन भिंती तपासत फिरू नये.

४. ही अट का, ते लिहिताना मला लाज वाटते. बावीस वर्षांपूर्वी वर एक शिंपी, त्याची बायको आणि सहा वर्षांची मुलगी राहत. आमच्या छताला ओल आली. पोरीनेच नळाला लोंबकळून सांधा खिळखिळा केला, असं मी जिन्यात उभा राहून ओरडलो. शिंप्याने माझ्यादेखत तिच्या मुस्काटात मारली. मी त्याला अडवलं नाही. महिनाअखेर त्यांनी खोल्या सोडल्या. मग प्लंबरने फरशी उखडली, तर आत मीच हट्टाने ठेवलेला जुना पाइप गंजून सडलेला. "कुठे बोलू नकोस," मी त्याला बजावलं. वर "लहान मुलं असल्यास चौकशी करू नये" अशी पाटीही लावली.

शिंप्याच्या त्या मुलीला माझ्या पश्चात माफीची चिठ्ठी द्यावी, असं इथे आधी लिहिलं होतं. साक्षीला बोलावलेल्या त्याच प्लंबरने ते वाचून पेन खाली ठेवलं.

"मेल्यावर कसली माफी मागताय? आधी जाऊन या, मग सही करतो."

काल गेलो. तिच्या कडेवर मूल होतं. दारातच सगळं सांगितलं. तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं.

"पण काका, मला तर मी नळाला लोंबकळलेली आठवतेय," ती म्हणाली. "बाबा गेले, त्या दिवशीसुद्धा मी त्यांना सांगत होते, चुकून झालं हो माझ्याकडून."

याहून जास्त लिहायला मला तोंड नाही. वरील मजकूर स्वतः वाचून, समजून सही करतो.

सही: घरमालक
साक्षीदार: १. प्लंबर २. डॉक्टर
ठिकाण: राहतं घर, तळमजला
दिनांक: बारा मार्च