मधल्या खोलीतला कापूस

उर्वशी, तुझ्या दादांची लघवी बंद झाली आहे. त्यांना यवतमाळला नेते. सगळे फवारणीची बाधा म्हणतात, पण यंदा त्यांनी फवारणी केलीच नाही. ते महिनाभर मधल्या खोलीतल्या कापसाच्या ढिगावर झोपत होते आणि त्यात उंदरांची घरटी आहेत. उंदरांच्या मुतातून किडनी बिघडवणारा ताप येतो.

त्या खोलीत झाडू मारू नकोस, धूळ नाकात जाईल. तोंडाला ओलं फडकं बांध आणि ब्लीचिंगचं पाणी शिंपड. आई म्हणतील, "माल काहून भिजवून राह्यली? कोन घेईन मंग?" भिजू दे.

आमची श्रावस्ती रोज दुपारी बाबांच्या कुशीत तिथेच झोपायची. हे मी अजून आईंना सांगितलेलं नाही. तिचं अंग जरा जरी तापलं, तर मला न विचारता तिला घेऊन निघ.

तुझी वहिनी, दीपा