मगरीची राखण

माघ वद्य ५, शके १७८६

मगर आली! अकोल्याच्या वाटेवरून, पूर्णेच्या डोहातली. बैलगाडीत आडवी बांधलेली, जबड्याला काथ्याचे वेढे. गाडी अमरावतीत शिरली तेव्हा मागे निम्मा बाजार चालत होता. मालक — खुशालराव — वखारीच्या ओट्यावर नवा फेटा बांधून उभे. म्हणाले, "जानराव, हरणं तं कमिशनर साहेबबी पाळते! आपून मगर पाळू!"

मी म्हणालो, "बरं." दुसरं काय म्हणणार?

म्हणजे आता माझ्या गळ्यात दोन घोरपडी, कासवं, सेमाडोहाकडून आणलेला अजगर आणि ही बाई. मागल्या साली कापसाच्या गंजीतून धामण निघाली, मजूर पळाले, मी ती शेपटीला धरून कुंपणापलीकडे टाकली — एवढंच माझं पाप. "याले सापाचा धाक नाई!" म्हणाले मालक. वखारीत कापूस तोलत होतो, तो काटा हातातून गेला आणि मी सरपटणाऱ्यांचा कारभारी झालो. माय म्हणते, "लोकाइचे पोरं कचेरीत कारकून झाले, माह्यावालं पोरगं सरडे चारून राह्यलं." खोटं कसं म्हणू?

बागेतल्या हौदात सोडताना जबड्याचा काथ्या मीच कापला. बाकी सगळे झाडांवर होते.

माघ वद्य १२

खात नाही. मासे टाकतो, ते तसेच पोट वर करून तरंगतात. मालक रोज विचारतात, "जबडा उघडत काहून नाई?" जसं काही मीच तिला मनाई केली आहे.

पाहुणे येतात. ती हलावी म्हणून खडे मारतात. मी म्हणतो, मारू नका. कोणी ऐकत नाही. ते गेले की मी खडे वेचतो.

फाल्गुन शुद्ध ४

खाल्लं! शालिकराम भोयानं आणलेली मरळ पाण्याला टेकायच्या आत नाहीशी झाली. एवढं मोठं धूड, आणि आवाज नाही. मी एकटाच टाळ्या पिटत होतो.

एकटा नव्हतो. माझी बायको वच्छला भाकर घेऊन आली होती, कुंपणाशी उभी होती. कार्तिकात आमचा धाकटा पोरगा गेला तेव्हापासून ही उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. आज स्वतःहून आली. पदर दातात धरून पाहत राहिली. म्हणाली, "पाठ पहा कशी. नांगरलेल्या वावरावानी."

मी म्हणालो, "सुसरबाई तुझी पाठ मऊ म्हण, म्हणजे चावणार नाही." हसली नाही. पण गेली नाही लवकर.

फाल्गुन वद्य २

काल दिवसभर हौदाच्या काठची माती उकरत होती. मला वाटलं, पळायचा बेत आहे. आज सकाळी पाहतो तो खड्ड्यावर मागचे पाय पसरून बसलेली — आणि अंडी! पांढरी, बदकाच्या अंड्यांहून मोठी. एकेक सोडत होती आणि मागच्या पायांनी अलगद सरकवत होती. मग माती लोटली, वर पोट ठेवून बसली.

मालकांना सांगितलं. त्यांनी वखारीत पेढे वाटले! "लक्ष्मी आली घरी, लक्ष्मी!" त्यात कालच कापसाचा भाव चढलेला. मला फेटा दिला. मगरीनं अंडी घातली आणि फेटा मला.

घरी जेवताना सगळं सांगितलं. सांगायला नको होतं. माय वच्छलेकडे न बघता म्हणाली, "मगरीले बी समजते सांभाळाले. आपल्या घरी दोन लेकरं खाल्ले इनं."

थोरला देवी आल्या त्यात गेला. धाकटा तापानं. वैद्य मीच आणला होता. मायही उशाशी होती. हे सगळं मला माहीत आहे, मायला माहीत आहे. तरी ती हेच बोलते. आळीतल्या बायकाही बोलतात — "लेकरंखाई". वच्छला ताट घासत होती, तिचा हात थांबला नाही. मी पाणी प्यालो. मगरीच्या जबड्यात हात घालतो मी, आणि मायपुढे तोंड उघडत नाही.

चैत्र शुद्ध ९

रामनवमी. मगर जागची हलत नाही. ऊन एवढं की काठची माती भाजते, तरी फार तर पाण्यात एक डुबकी, आणि परत खड्ड्याशी. मासे टाकले तर बघते फक्त. फार जवळ गेलं की भात्यासारखा श्वास सोडते. मी चार पावलं मागे सरतो. आमचं असं ठरून गेलं आहे.

वच्छला रोज येते. मायला सांगते, देवळात जाते. कुंपणाशी बसून राहते. आज म्हणाली, "मी बी अशीच बसले होती. रात्रंदिवस. मले काय भेटलं?"

मी म्हणालो, "ऊन लागेल, घरी जा."

किती मूर्ख आहे मी!

चैत्र वद्य ६

कमिशनर साहेब येऊन गेला. मालकांनी सनई लावली होती. सनई ऐकून मगर जबडा उघडेल असं त्यांना कोणी सांगितलं होतं. नाही उघडला. साहेबाला अंडं हातात घेऊन बघायचं होतं. मालक कानात म्हणाले, "एक काढ."

"मालक, ती अंगावर येईल."

"मंग तुले कायले ठेवलं?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! दोघांनी बांबूनं तिला दाबलं. बांबू चावून चावून तिच्या हिरड्यांतून रक्त आलं. मी पालथा पडून खड्ड्यात हात घातला आणि एक काढलं. गरम होतं. साहेबानं ते बोटानं वाजवून पाहिलं, हसला, शिपायाकडे दिलं. शिपायानं ओट्यावर ठेवलं. संध्याकाळी तिथं कुत्रं टरफल चाटत होतं.

वच्छलेला कोणी सांगितलं कोण जाणे. मला वाढलं तिनं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

वैशाख शुद्ध ३

आखाजीचा सण. पुरणपोळी. मालकांनी वाड्यात चौथं घड्याळ आणलं. चारही बंद आहेत — किल्ली द्यायची कोणाला समजत नाही. शोभेला म्हणे.

वैशाख शुद्ध ९

अकोल्याहून बातमी आली आणि वखार मेल्यासारखी झाली. समुद्रापलीकडे कुठं लढाई चालू होती, ती थांबली. थांबली तर बरं झालं, मी म्हणालो. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं! लढाई होती म्हणून विलायतेला आपला कापूस हवा होता. आता नको. अकोल्याला निघालेल्या गाड्या बडनेऱ्यावरून परत आल्या. गंजी तशाच पडल्यात, त्यांना हात लावायला कोणी तयार नाही. मालक ओट्यावर फेट्याशिवाय बसले होते. त्यांचं टक्कल मी पहिल्यांदा पाहिलं.

वैशाख शुद्ध १३

शालिकराम रिकामी टोपली घेऊन आला. "मालक नाई म्हणते. मासे बंद."

अजगराला घुशी धरून घालतो. कासवांना पाला चालतो. पण हिला काय? घरची भाकर पाण्यात टाकून पाहिली. आपली माझ्या मनाची समजूत.

वैशाख वद्य ३

मालक आज बागेत आले. हौदाकडे बराच वेळ बघत होते. म्हणाले, "हे आली अन् माह्यं घर बसलं."

मी म्हणालो, "मालक, ती आल्यावर भाव चढलाही होता." म्हणालो म्हणजे — मनात.

दोन महिन्यांपूर्वी लक्ष्मी होती. आता अवदसा झाली.

वैशाख वद्य ६

मातीतून आवाज! सकाळी पाणी शिंपायला गेलो तर खड्ड्यातून — कोंबडीच्या पिलांसारखा, पण जाड. चँव, चँव. मगर मान वाकडी करून ऐकत होती. मी धावत घरी गेलो, वच्छलेला घेऊन आलो. मायनं विचारलं कुठं चाललात, उत्तरही दिलं नाही!

दोघं कुंपणाशी उकिडवे बसलो. आधी काही ऐकू येईना. मग आलं. वच्छलेनं माझा दंड धरला. "बोलून राह्यले जी! आतून बोलून राह्यले!" आणि हसली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. वखार बुडू दे, फेटा जाऊ दे. ही हसली.

जाताना म्हणाली, "एक बी मेलं नाई पाह्यजे. पाहून राह्यजा तुमी."

वैशाख वद्य ७

लिहवत नाही. पण लिहितो.

सकाळी ती खड्डा उकरत होती. वखारीत काम नाही, त्यामुळे सगळे मजूर कुंपणाशी जमलेले. जत्राच. मी त्यांना सांगत होतो, बघा, आता पिल्लं निघतील, बघा कशी वर काढते. फुशारकी मारत होतो.

तिनं तोंड खड्ड्यात घातलं. वर काढलं तेव्हा दातांच्या मधून एक बारीक शेपूट वळवळत होतं. जबडा मिटला. पुन्हा तोंड खाली, पुन्हा मिटला. एक अंडं दातांत धरलं, दाबलं — फुटल्याचा आवाज मला ऐकू आला. गळ्याखालची कातडी फुगली, हलली. मग ती सावकाश पाण्यात उतरली, काठच्या लव्हाळ्यापाशी बुडाली, आणि थोड्या वेळानं परत खड्ड्याकडे आली. उरलेल्यांसाठी.

कोणीतरी किंचाळलं, "लेकरं खाल्ले! सोताचे लेकरं खाल्ले तिनं!"

मालक धावत आले. मागे पहारेकरी, बंदूक घेऊन. मालकांनी सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्याकडे वळले. "जानराव, तुले तिचं समजते. तू सांग. खाल्ले काय?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी शेपूट पाहिलं होतं. जबडा मिटताना पाहिला होता. गळा हलताना पाहिला होता. दुसरं काय सांगणार होतो?

मी म्हणालो, "होय."

मग म्हणालो, "उपाशी होती मालक, मासे बंद आहेत —" पण ते कोणी ऐकलं नाही. ऐकलं असतं तरी काय होतं. मालक म्हणाले, "जे सोताचे खाते, थे माह्यं काय ठेवील?"

पहिल्या गोळीला ती पाण्याकडे वळली नाही. खड्ड्यावर आडवी झाली. दुसऱ्या गोळीलाही तिथंच. मी "थांबा" म्हणालो असेन. म्हणालो का? आठवत नाही. खड्ड्यातली उरलेली अंडी लोकांनी बांबूंनी ठेचली. मग तिला शेपटीला दोर बांधून गाडीत घातलं, कातड्यासाठी. आली होती तशीच गेली, फक्त जबडा बांधायची गरज नव्हती.

घरी आलो तर बातमी आधीच पोचलेली. माय दारातच म्हणाली, "पाह्यलं? असते अशा जातीच्या." आणि आत बघितलं.

वच्छला चुलीशी होती. मी सांगितलं, मी डोळ्यांनी पाहिलं, भुकेनं खाल्ली असतील, माझा इलाज नव्हता. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सगळ्याइनं पाह्यलं, नाई का? मले बी सगळ्याइनंच पाह्यलं होतं, माह्ये खाताना."



वैशाख वद्य ८

बोलत नाही. रडत नाही. भाकरी थापते. मी समोर बसतो, उठतो, बाहेर जातो, परत येतो.

वैशाख वद्य १०

मालकांनी बाग मोडायला सांगितली. अजगर गाडीवाल्याबरोबर मेळघाटाकडे पाठवला, वाटेत तो त्याला मारणार नाही अशी आशा. घोरपडी रात्रीतून नाहीशा झाल्या. कोणाच्या तरी चुलीवर गेल्या असतील. कासवं मी ओढ्यात सोडली. मालक म्हणाले, "परवा हौदाचं पाणी सोडून दे. मंग तुयं काम नाई."

वच्छलेनं गाठोडं बांधून ठेवलं आहे. माहेरी जाते म्हणाली. किती दिवस, ते नाही म्हणाली. मायनं तिच्यासमोरच म्हटलं, "बरं झालं." मी पुन्हा पाणी प्यालो.

वैशाख वद्य १२

तिला वेशीपर्यंत पोचवलं. भाऊ आला होता न्यायला. गाडीत बसताना म्हणावंसं वाटलं — नको जाऊ. म्हणालो, "ऊन आहे, डोईवर पदर घे."

आता हौद सोडायला जातो.

त्याच दिवशी

लव्हाळ्यात पिल्लं आहेत. जिवंत! एकही खाल्लं नव्हतं तिनं. तोंडातून पाण्यात नेत होती. काठावर माझं पाऊल वाजलं तशी सगळी चँव चँव करत माझ्याकडेच आली — मला ती समजून.